विषय: विल्सडेनचा 1962 चा जन्मदाखला कुणाकडे मागायचा?

नमस्कार मंडळी,
ताईच्या ओसीआयच्या (परदेशस्थ भारतीयांच्या कार्डाच्या) अर्जाला जन्मदाखला हवाय, मूळ प्रत भिजून गेली. जन्म मे 1962, नोंदणी जिल्हा विल्सडेन, काउंटी मिडलसेक्स. विल्सडेन नावाची काउन्सिलच सापडत नाही! पत्त्यात मिडलसेक्स लिहू की लंडन? महिनाअखेरपर्यंत पाठवायचाय.
– ताईची धाकटी

---
ब्रेंट काउन्सिलकडे मागा. 1 एप्रिल 1965 ला विल्सडेन आणि वेंब्ली हे दोन्ही बरो, म्हणजे नगरपालिका, मोडून ब्रेंट झाला. दोघांच्या मधून वाहणाऱ्या नदीचं नाव दिलं. जन्मस्थळ मात्र पासपोर्टवर आहे तेच ठेवा.
– नीस्डनचे काका

---
मिडलसेक्स बिनधास्त लिहा. आमची वेंब्लीतली सगळी पत्रं, मंडळाच्या पत्रिकासुद्धा, मिडलसेक्सच्याच पत्त्यावर यायच्या.
– वेंब्लीचे आजोबा

---
आजोबा, वेंब्लीचं विल्सडेनला लावू नका. विल्सडेन मिडलसेक्स काउंटीत असलं तरी टपाल लंडनचंच, एनडब्ल्यू 10. आणि 1894 पासूनच्या अर्बन डिस्ट्रिक्टला 1933 मध्ये बरोची सनद मिळाली. वेंब्लीला ती 1937 मध्ये, तीही किंग्जबरी जोडून घेतल्यावर.
– नीस्डनचे काका

---
विल्सडेनचा विषय निघालाच आहे तर मंडळाच्या स्मरणिकेत इथल्या ग्रनविक फोटो कारखान्याचा संप घ्याच. माझ्या सासूबाई रोज त्या फाटकावरून जायच्या, संपाच्या पुढारी जयाबेन देसाईंना त्यांनी साडी नेसून उभं राहिलेलं पाहिलंय. असं धैर्य आपल्या मुलांना कळायला हवं.
– डॉलिस हिलची वहिनी

---
वहिनी, जरूर घ्या, पण तो 1976 चा, ब्रेंटच्या काळातला. विल्सडेन बरोचं म्हणून द्यायचं तर डॉलिस हिलचं पोस्ट ऑफिसचं संशोधन केंद्र द्या. टॉमी फ्लॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1943 मध्ये कोलोसस हा संगणक तिथंच उभारला. जर्मन सांकेतिक संदेश उलगडायला तो ब्लेचली पार्कला गेला. आपल्या हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावरची ही जागा, आणि मंडळात कुणी तिचं नावही काढत नाही याचं मला फार वाईट वाटतं.
– नीस्डनचे काका

---
स्मरणिकेची पानं भरली आहेत. ग्रनविकला अर्धं पान देऊ, कोलोससला पुढच्या वर्षी.
– चिटणीस

---
काका, अर्जात तिमाही विचारतात. मेचा जन्म म्हणजे जून तिमाही ना?
– ताईची धाकटी

---
तिमाही जन्मावर नाही, नोंदणीवर ठरते. नोंद करायला बेचाळीस दिवस मिळतात, त्यामुळे जूनमध्ये नाही सापडलं तर सप्टेंबर तिमाही बघा. जिल्हा विल्सडेनच टाका, त्या सालच्या नोंदणी जिल्ह्यांच्या यादीत ब्रेंट नाही.
– नीस्डनचे काका