टायगर ऑर्किड नुसतंच वाढतंय, फुलांचा पत्ता नाही. वरची मुळं कापू का?

गच्चीकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक टायगर ऑर्किड आहे, म्हणजे देणाऱ्याने तरी तसं सांगितलं होतं, ग्रॅमॅटोफायलम म्हणून. आणलं तेव्हा वीतभर होतं, आता दांडे माझ्या कमरेच्या वर गेलेत आणि कुंडी एका बाजूने तडकलीय. पानं मस्त गडद हिरवीगार, कीड वगैरे काही नाही. पण फूल? अजून एकही नाही. भिंतीच्या आडोशाला ठेवलंय, सकाळी तासभर ऊन येतं, बाकी दिवसभर नुसता उजेड. पाणी एक दिवसाआड, खत आठवण झाली की.

दुसरं म्हणजे कुंडीच्या वर पांढरी, सुयांसारखी टोकदार मुळं उभी राहिलीत, खाली जायचं सोडून आभाळाकडे. त्यात वाळकी पानं अडकून सगळा गचाळपणा झालाय. घरचे म्हणतात ती कापून टाक, झाडाचे दोन भाग कर आणि मोठ्या कुंड्यांत लाव. सगळं एकदमच उरकू का? आणि हो, याच्या शेजारीच दोन वांडा (तीही ऑर्किडच) टांगलेत, त्यांची खालची पानं सुरकुतून गळतायत, पाणी सगळ्यांना एकाच वेळी देतो.

अबोली
अहो थांबा, कात्री खाली ठेवा आधी!! ती मुळं मुद्दाम तशी वाढतात. हे झाड जंगलात मोठ्या झाडांच्या बेचक्यात बसतं, तिथे माती कुठली मिळायला, मग ही वर तोंड केलेली मुळं टोपलीसारखी पसरतात, वरून पडणारा पालापाचोळा त्यात अडकतो, कुजतो आणि तेच याचं खत. म्हणजे तुम्हाला जो गचाळपणा दिसतोय तो त्याचा डबा आहे. मी तर उलट मूठभर वाळकी पानं वरून टाकते. फक्त पाचोळा सतत ओला राहून चिकट व्हायला लागला किंवा वास मारायला लागला तर तेवढाच काढायचा, नाहीतर नवे कोंब बुडाशी सडतात.

तात्या_बागवाले
अबोलीताईंनी मुळांचं बरोबर सांगितलंय. गच्चीकर, पहिल्यांदा ग्रॅमॅटोफायलमची नक्की कुठली जात ते बघा. दांडे उसासारखे लांब आणि दोन्ही बाजूंना पानंच पानं असतील तर ते स्पेसिओसम. बल्ब, म्हणजे पाणी साठवणारे फुगीर दांडे, आखूड, जाडजूड, अंड्याच्या आकाराचे आणि पानं फक्त शेंड्याला असतील तर बहुधा स्क्रिप्टम. तुमच्या वर्णनावरून स्पेसिओसमच वाटतंय, आणि तसं असेल तर मनाची तयारी करा, कारण आकारमानाने हे जगातलं सगळ्यात मोठं ऑर्किड. दांडे अडीच मीटरपर्यंत जातात, फुलांचा तुरा त्याहून उंच होऊ शकतो. १८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये याचा दोन टनांचा गड्डा प्रदर्शनात ठेवला होता. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये १८६१ मध्ये लावलेलं झाड तर आजही बघायला मिळतं. तेव्हा कमरेइतकं झाड म्हणजे अजून पोरसवदाच समजा.

पण नुसतं वय हे कारण नाही. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, "गडद हिरवीगार पानं". लोकांना वाटतं गडद म्हणजे तब्येत छान. ऑर्किडचं तसं नसतं, गडद पान म्हणजे उजेड कमी पडतोय. पोपटी, किंचित पिवळसर झाक असलेलं पान हवं. ग्रॅमॅटोफायलमला भरपूर ऊन लागतं, तासाभरात त्याचं काही भागत नाही, निदान चार-पाच तास तरी द्या. फक्त आज उचललं आणि उद्या भर उन्हात ठेवलं असं करू नका, पानांवर पांढरे-तपकिरी चट्टे पडतात आणि ते कधीच जात नाहीत. आधी शेडनेटखाली, मग हळूहळू दोन-तीन आठवड्यांत उघड्यावर. दुपारी पानाला हात लावून बघायचा, गरम लागलं तर थोडी सावली करा किंवा वारा वाढवा.

आणि खत आठवण झाली की देऊन कसं चालेल? हे झाड खादाड आहे. नवे दांडे वाढत असताना दर आठवड्याला २०-२०-२० (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत), लिटरला एक ग्रॅम, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी खळखळून धुवायची म्हणजे क्षार साचत नाहीत. दांडा पूर्ण वाढला, नवीन पानं यायची थांबली की खत आणि पाणी दोन्ही कमी करायचं. तुरा बल्बच्या बुडाशी फुटतो, शेंड्याला नाही, त्यामुळे नवा कोंब समजून मोडू नका.

वाटसरू
तात्या, सगळं मान्य, पण ज्याच्याकडे मोठी मोकळी जागा नाही त्याने स्पेसिओसम पाळूच नये असं माझं स्पष्ट मत. कुंडी भरली की उचलायला चार माणसं लागतात, आणि फुललं तरी दरवर्षी फुलेलच असं नाही, मधे दोन-चार वर्षं जातात. त्यापेक्षा स्क्रिप्टम घ्या की. आवडीनिवडी साधारण त्याच, आकार आटोक्यात, आणि बरंच लवकर फुलतं. आणि कोणी सिंबिडियम सुचवलं तर हुरळून जाऊ नका, नात्यातलंच आहे पण त्याच्या बऱ्याच मोठ्या जातींना फुलायला रात्री चांगला गारवा लागतो. ग्रॅमॅटोफायलमचं बरोबर उलटं, पारा १५ अंशांच्या खाली गेला की ते कुरकुरतं.

तात्या_बागवाले
@वाटसरू जागेचं बरोबर आहे, पण आता घरात आलेलं झाड काय हाकलून द्यायचं? :) आणि एकदा फुललं की महिनाभर सहज टिकतं. पिवळ्या फुलांवर तांबूस तपकिरी ठिपके, एकेक फूल तळहाताएवढं. तुऱ्यातली सगळ्यात खालची काही फुलं वेडीवाकडी, ओठाची पाकळी नसलेली येतात, ती बघून रोग आला म्हणून घाबरू नका, या जातीत तसंच असतं.

केतकी
वांडाचं कोणीच बोललं नाही म्हणून मी. गच्चीकर, वांडा आणि हे ग्रॅमॅटोफायलम यांना एकाच पाण्याच्या वेळापत्रकावर ठेवता येत नाही. ग्रॅमॅटोफायलमच्या दांड्यात पाणी साठतं, वांडाला बल्ब नावाचा प्रकारच नाही, एकच खोड वर वर जातं आणि सगळी भिस्त त्या लोंबणाऱ्या मुळांवर. मुळांवर स्पंजासारखा थर असतो, कोरडा असताना चंदेरी, पाणी प्यायला की हिरवा. तर पाणी घालताना घड्याळ बघायचं नाही, मुळं बघायची. एकदा भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा, परत भिजवा, पूर्ण हिरवी झाली की बास. गरम कोरड्या हवेत रोज, कधी दोनदासुद्धा. हवा दमट असेल तर एकदा पुरतं. नुसता पानांवर फवारा उडवून काही होत नाही. खालची पानं सुरकुतून गळणं म्हणजे जवळजवळ नेहमी तहानच.

पण पाणी सकाळी द्या आणि शेंड्याच्या बेचक्यात रात्री पाणी साचून राहू देऊ नका. खालची पानं गेली तर झाड जगतं, शेंडा काळा पडून सडला तर वाढ तिथेच खुंटते, मग बुडातून पिल्लू फुटलं तर नशीब. आणि कोणी माती किंवा कोकोपीट भरलेल्या कुंडीत वांडा लावून देत असेल तर हात जोडून नाही म्हणा. उघडी जाळीदार टोपली, फार तर कोळशाचे चार तुकडे.

गच्चीकर
बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. मुळं वाचली, घरी वाचून दाखवलं. बघितलं, दांडे उसासारखेच आहेत, म्हणजे स्पेसिओसम. वांडाची मुळं आत्ता चंदेरी आहेत, लगेच भिजवतो. पण तडकलेल्या कुंडीचं काय करू, आणि दोन भाग करायचे की नाही?

तात्या_बागवाले
दोन भाग करू नका. फोडलं की झाड परत जम बसवण्यात वर्षं घालवतं आणि फुलं आणखी लांबतात. अगदीच करायची वेळ आली तर एका भागात निदान चार-पाच बल्ब ठेवा आणि सुरीचं पातं ज्योतीवर तापवून घ्या, प्रत्येक झाडाला वेगळं, ऑर्किडचे व्हायरस बहुतेक अशा हत्यारांवरून पसरतात आणि त्यांच्यावर औषध नाही. तडकलेली कुंडी घाईने काढू नका. नव्या कोंबाच्या बुडाशी हिरव्या टोकाची ताजी मुळं दिसायला लागली की मगच बदला. तेव्हा मुळांना चिकटलेले जुन्या कुंडीचे तुकडे ओढून काढत बसू नका, तसाच गड्डा मोठ्या जाळीच्या टोपलीत बसवा आणि भोवती विटांचे तुकडे, कोळसा, नारळाच्या सोडणाचे मोठे तुकडे भरा. सोडणं आधी दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, मीठ असतं त्यात.

वाटसरू
आणि टोपली ठेवायची जागा आत्ताच नक्की करा, भरल्यावर हलणार नाही ती. उन्हातली जागा बघा, नाहीतर पुढच्या वर्षी हाच धागा वर काढाल.