‘पनाश’ला मराठीत तुरा म्हणावं का?

कृष्णाकाठ : एदमाँ रोस्ताँच्या ‘सिरानो द बर्जराक’ (१८९७) या नाटकाचं भाषांतर सांगलीत अभिवाचनासाठी चाललंय. पाचवा अंक नुसता टंकतानाही गळा दाटतो, पण गाडी अडलीय शेवटच्या शब्दावर. डोक्यात ओंडका पडून मरायला टेकलेला सिरानो म्हणतो, सगळं हिरावून घ्या, एक गोष्ट मात्र चुणी न पडता, डाग न लागता मी घेऊन चाललोय. तलवार गळते. ज्या रोक्सानवर त्यानं जन्मभर न सांगता प्रेम केलं, ती वाकून कपाळाचं चुंबन घेते, विचारते, ‘ती कोणती?’ तो हसून म्हणतो, ‘मों पनाश.’ पडदा. पनाश म्हणजे टोपीवरचा पिसांचा झुपका, आणि त्यावरून बेदरकार ऐटही. मी ‘माझा तुरा’ लिहिलंय. भीती एकच, की कुणी मनात ‘कोंबड्याचा का?’ म्हणेल. शिवाय जाहिरातीत ‘एकतर्फी प्रेमाचं अजरामर नाटक’ छापायचं घाटतंय, तेही खटकतं.

शिलेदार : तुरा चूकच. जुन्या पगडीवर शिरपेच कपाळाशी, जडावाचा. तुरा बाजूनं लोंबतो, मोत्यांच्या सरांचा. पिसाची, ताठ उभी असते ती कलगी. म्हणून ‘माझी कलगी’.

डफतुणतुणं : शाहिरांच्या सवाल-जबाबाच्या कलगी-तुऱ्याच्या फडाचं काय करणार? तुरेवाले शिवाच्या बाजूचे, कलगीवाले शक्तीच्या. सिरानोनं मरताना ‘माझी कलगी’ म्हटलं, की आमचा प्रेक्षक सवालाला जबाब कुठून येतो ते बघत बसेल.

फेटा बांधून मिळेल : लोंबणारा तुरा दरबारात असेल. आमच्याकडं तुरा ताठच. कापड आठ-नऊ मीटर. एक टोक मागं शेमला म्हणून सोडायचं, दुसऱ्याच्या बारीक चुण्या घालून पंख्यासारखं वर काढायचं, तो तुरा. खळ कमी पडली किंवा चुण्या जाड आल्या, की वरातीच्या निम्म्यातच मान टाकतो. आता तुमच्या वाक्यात घोळ बघा : ‘चुणी न पडता माझा तुरा’. अहो, तुरा म्हणजे सगळ्या चुण्याच की! तिथं ‘सुरकुती’ घाला.

कृष्णाकाठ : हे डोक्यातच आलं नव्हतं. बदलतो.

शुद्धमती : तुरा अरबी ‘तुर्रा’वरून आलेला, कलगी परकी, शिरपेच म्हणजे फारसी ‘सरपेच’, ‘शिर’ आपण मागाहून चिकटवलं. संस्कृतात ‘अवतंस’ असताना ही उसनवारी कशाला?

तिसरी घंटा : रंगमंचावर म्हणून बघा. मरणाऱ्या नटाला तेव्हा जेमतेम एका श्वासाचा आवाज असतो. ‘तुरा’ उघड्या तोंडानं संपतो, ‘आ’ शेवटच्या रांगेपर्यंत जातो. ‘अवतंस’ स-वर फुसकन विरतो. ‘ऐट’ ट-वर आपटते. ‘तोरा’ घुमतो छान, पण त्यात उर्मटपणा शिरतो. ‘बाणा’ चांगला होता, पण त्याला पिसं नाहीत.

आणि पिसं हवीतच. त्याच भाषणात तो म्हणतो, आज देवाच्या घरी शिरताना माझा मुजरा निळा उंबरा झाडत जाईल. झाडणार कशानं? टोपीच्या पिसांनी. (‘मुजरा’ही अरबीच, शुद्धमती. ‘अभिवादन’ केलंत तर उंबरा झाडला जात नाही.)

कोंबडा टाळायचा उपाय दुसराच आहे. शब्द शेवटी पहिल्यांदा ऐकू आला तरच लोक हसतील. मुळात तो आधी पेरलेला आहे. पहिल्या अंकात सिरानो येण्याआधीच त्याच्या टोपीवरच्या तिहेरी पनाशचं वर्णन येतं. चौथ्या अंकात, अरासच्या वेढ्यात, त्यांचा सरदार द गीश जीव वाचवायला आपली पांढरी पट्टी टाकून पळाल्याची फुशारकी मारतो, तेव्हा सिरानो सुनावतो की फ्रान्सच्या राजानं, चौथ्या हेन्रीनं, कितीही शत्रू असते तरी पांढरा पनाश टाकला नसता. या तिन्ही जागी एकच मराठी शब्द ठेवा. एकीकडे तुरा, दुसरीकडे पिसं, तिसरीकडे दिमाख केलंत की शेवट मेला. चौथ्या अंकात शब्द गंभीरपणे पोचला तर पाचव्यात कोंबडा आरवत नाही.

सालपापडी : पनाश म्हणजे आपलं ‘पंख’च की! प-न, प-ं-ख.

धातुसाधित : नव्हे. पंख ‘पक्ष’वरून. पनाश इटालियन ‘पेनाक्यो’वरून, मागे लॅटिन ‘पिन्ना-पेन्ना’ म्हणजे पीस. पेन्नाचं नातं आपल्या ‘पत्र’शी. पत् म्हणजे उडणं. संस्कृतात पत्र म्हणजे पंखही, पानही, आणि लिहिलेली चिठ्ठीही. आता नाटक आठवा. देखण्या पण बोलता न येणाऱ्या क्रिस्तियाँच्या नावानं सिरानो रोक्सानला पत्रं लिहितो, शेवटी त्यातलंच एक पत्र अंधार पडल्यावर पाठ म्हणतो आणि तिथंच लिहिणारा कोण ते तिला कळतं. पाचव्या अंकात पानगळही आहे. शेवटचा शब्द ‘माझं पत्र’ का नको?

तिसरी घंटा : कारण ते पत्र तेव्हा रोक्सानकडे असतं. तो घेऊन कसा जाईल? व्युत्पत्ती सुंदर, नाटक बाद.

वकिली डोकं : जाहिरातीवर कुणीच बोलेना. एकतर्फी हुकूमनामा केव्हा होतो? समन्स बजावूनही प्रतिवादी हजर झाला नाही तर. समन्सच नीट बजावलं नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली तो रद्द होतो. सिरानोनं रोक्सानला समन्स कधी लावलंच नाही. आणि ती शेवटी म्हणते, एकाच माणसावर प्रेम केलं, त्यालाच दुसऱ्यांदा गमावतेय. हे एकतर्फी कुठलं? शिवाय हल्ली हा शब्द पेपरात ‘प्रेमातून हल्ला’ याच्याआधीच दिसतो.

शुद्धमती : ‘अनुत्तरित प्रेम’.

वकिली डोकं : उत्तर आलं की हो, उशिरा आलं.

डफतुणतुणं : ‘अबोल’ म्हणा. पण तो तर पाच अंक बोलतोच.

माहेर कराड : त्याहून मोठी अडचण : रोक्सान त्याची ‘कुझीन’. मराठीत काय केलंत? मामेबहीण केलीत तर इकडं मामाची पोरगी हक्काची. प्रेक्षक विचारणार, मग मागणी का नाही घातली, त्याचं ते भलंमोठं नाक आडवं आलं म्हणून? चुलत-मावस केलीत तर नाटकच उठवतील. आतेबहीण करा. हक्क नाही, आणि अगदी ओरडही नाही.

कृष्णाकाठ : मी ‘नात्यातली’ म्हणून वेळ मारून नेली होती. आतेबहीण करतो. पण तुऱ्याचं ठरलं का?

आडसाली : सांगलीत तुरा म्हटल्यावर पहिला दिसतो तो उसाचा, हे कुणीच कसं बोललं नाही? तुरा आला की वाढ बंद, नवी पानं नाहीत. दीड-दोन महिन्यांत तोडला नाही तर पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात, कांडी पोकळ पडते, साखर उतरते. मरत्या माणसाच्या तोंडी ‘माझा तुरा’ म्हणजे तोडणी जवळ आली. मला तर चपखल वाटतं.

शिलेदार : म्हणून म्हणतो, कलगी.

फेटा बांधून मिळेल : आडसाली, तुरा आलेल्या उसाचं बेणं चालतं का हो? शेजारचा देतोय.

आडसाली : घेऊ नका. बेणं ९ ते ११ महिन्यांचं, डोळे फुगीर पण न फुटलेले असं बघा. तुऱ्याच्या उसाचे वरचे डोळे आधीच फुटलेले असतात.