ग्राफिक्स कार्ड सोडलं तर बाकी स्लॉट अडगळच?

खटपट्या: परवा इथे एकाने कॉम्प्युटरच्या मदरबोर्डाबद्दल ठोकून दिलं, "सगळं बोर्डावरच असतं, ग्राफिक्स कार्ड सोडून बाकीचे कार्ड खोचायचे स्लॉट म्हणजे अडगळ." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. माझ्या बोर्डाचा लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावतात तो) दीड वर्षात गेला, बाकी बोर्ड ठणठणीत. एक्स१ स्लॉटात (सगळ्यात छोटा, एकाच लेनचा, म्हणजे डेटाच्या एकाच वाटेचा) साधं नेटवर्क कार्ड खोचलं, काम झालं. स्लॉट नसता तर काय, अख्खं बोर्ड बदलायचं?

निवांत: तो मीच. यूएसबीचा लॅन अडॅप्टर नावाची वस्तू असते, साहेब. आणि स्लॉट मोजून हुरळू नका. खालचा स्लॉट दिसायला एक्स१६, म्हणजे सोळा लेनचा, पण जोडलेल्या लेन चारच. एएम४ सॉकेटच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांकडे लेन २४, त्यातल्या ४ चिपसेटच्या (बोर्डावरचे बाकीचे पोर्ट सांभाळणारी चिप) नावावर. एसएसडीचा दुसरा एम.२ स्लॉट भरला की कित्येक बोर्डांवर डिस्क जोडायचे दोन साटा पोर्ट झोपतात. मॅन्युअल उघडलंय कधी?

खटपट्या: पाठ आहे. जेन ३च्या (स्लॉटांची तिसरी पिढी) चार लेन म्हणजे सेकंदाला जवळपास ४ जीबी. १० गिगाबिट नेटवर्कला सव्वा जीबी लागतो. "चारच" म्हणे!

जुनं_खोड: लॅनचं काय घेऊन बसलात? खरा बळी गेला साउंड कार्डाचा. ऑनबोर्ड आवाज म्हणजे शिक्षा. गेम सुरू केला की हेडफोनमध्ये फुसफुस, माउस हलवला की किरकिर.

निवांत: हेडफोन पुढच्या जॅकला लावलाय ना? मागे लावा. आणि कार्ड टाकलंत तरी ते त्याच डब्यात, त्याच ग्राफिक्स कार्डाच्या मांडीला मांडी लावून बसणार. बाहेरचा डॅक (डिजिटलचा आवाज करणारं वेगळं यंत्र) घ्या.

जुनं_खोड: आम्ही आयएसए या जुन्या स्लॉटच्या जमान्यात साउंड कार्डावर पोर्ट २२०, आयआरक्यू ५ (प्रोसेसरला हाक मारायची लाइन), डीएमए १ (मेमरीशी थेट बोलायची वाट) असे जंपर, म्हणजे सेटिंगच्या छोट्या टोप्या, बसवत रात्री काढल्यात. आम्हाला जॅक शिकवताय?

बिटबाई: काका, त्याच जमान्यात आमच्या घरी साउंड कार्ड आणि प्रिंटर आयआरक्यू ७ वरून भांडायचे. बाबांनी शेवटी प्रिंटर काढून ठेवला. कौतुक कसलं त्याचं?

जुनं_खोड: ज्यांना कान नाहीत त्यांनी बोलू नये.

बिटबाई: कान आहेत, म्हणून तर डॅक वापरते. बरं, मूळ मुद्दा: माझ्या बोर्डावर एक्स१ स्लॉट दोन, आणि दोन्हींवर तीन स्लॉट जाडीचं ग्राफिक्स कार्ड ठाण मांडून बसलंय. खटपट्या, तुमचं नेटवर्क कार्ड मी कुठे खोचू?

खटपट्या: ...खालच्या "चारच" लेनवाल्यात.

निवांत: बघा, शेवटी माझाच स्लॉट कामी आला. ठीक, एक स्लॉट मान्य. पाच स्लॉटवाले बोर्ड घेणाऱ्यांना मात्र हसणारच.

जुनं_खोड: मागच्या जॅकला लावून बघितला. किरकिर गेली. फुसफुस आहे अजून, उगाच खूश होऊ नका.