सीताफळाला फुलं ढीगभर, फळ मात्र धरत नाही

परसबाग_फलटण: अंगणात बाळानगर सीताफळ लावलंय. मे उजाडल्यापासून फांद्या फुलांनी लगडल्यात, पण रोज सकाळी झाडाखाली सडा. गेल्या साली जी थोडी फळं धरली तीही एका अंगाला चेपलेली. पुंकेसर, स्त्रीकेसर दोन्ही एकाच फुलात असताना अडतंय कुठं? दुकानदार म्हणतो, टॉनिक मारा.

सासवडकर: ताई, टॉनिकचे पैसे राहू द्या. एक फूल तोडून त्याच्या तीन जाड पाकळ्या सोला. आत बारका सुळका दिसेल. टोकाला स्त्रीकेसरांचा झुपका, खाली त्याला वेढून पांढरट पुंकेसर, अगदी दाटीनं. दोन्ही आहेत, पण वेळ जुळत नाही. पाकळ्या नुसत्या किलकिल्या असतात तेव्हा कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक, ओली, चकाकती असते. पराग तेव्हाच धरते. पाकळ्या फाकून पुंकेसर सुटायला लागतात तोवर ती सुकलेली. म्हणून पराग दुसऱ्या फुलाचा लागतो. तो आणतात बारके भुंगेरे, वासावर आत शिरणारे. मधमाशीच्या भरवशावर राहू नका.

चेपक्या फळाचं कारणही तेच. सीताफळाचा एकेक डोळा म्हणजे मूळचा एकेक स्त्रीकेसर. ज्याला पराग मिळाला नाही तो फुगत नाही, फळ तिकडून बसतं.

परसबाग_फलटण: मग हातानं लावता येईल?

सासवडकर: येईल की. सकाळी ऊन चढायच्या आत पूर्ण उघडलेली फुलं वाटीत झटका. किलकिल्या फुलाची एक पाकळी हलकेच बाजूला सारा आणि चित्रकलेचा मऊ ब्रश सुळक्याच्या टोकावर चारी अंगांनी फिरवा. जाड फांदीवरची फुलं निवडा, वजन पेलायला बरी. फार जीव टाकू नका, सगळी फुलं धरली तर झाड मोडेल! मेच्या कोरड्या उन्हात कुक्षी लवकर सुकते. पाऊस पडून हवा दमट झाली की फळं आपसूक वाढतात.

रानवेडा: माझ्या सीताफळावर पिठ्या ढेकूण, ती पांढरी पिठूळ कीड, झालाय. आत्ताच फवारू का?

सासवडकर: फुलोऱ्यात नको रे बाबा, भुंगेरेच मरतील. खोडाला चिकट पट्टी गुंडाळ, ढेकणाची पिल्लं आणि मुंग्या वर चढायच्या थांबतात. फवारणीचं नंतर बघू.