ग्रंथसूचीचे पान उघडते, पण पुस्तकांची यादी रिकामी राहते: ब्राउझरची कोणती सेटिंग आड येत असावी?

ग्रंथसेवक_महाल

नमस्कार मंडळी. नागपुरातील महाल भागातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपालांच्या हाताखाली काम करतो. आमच्या दाखल नोंदवहीवरून एका माजी सभासदांनी संगणकावर चालणारी ग्रंथसूची तयार करून दिली आहे. एकाच फोल्डरमध्ये मुख्य एचटीएमएल पान, पुस्तकांच्या नोंदींची जेसन फाइल (माहिती साध्या मजकुरात साठवण्याचा एक प्रकार), एक स्क्रिप्ट (ब्राउझरने चालवायचा छोटा प्रोग्राम) आणि मुखपृष्ठांची छायाचित्रे आहेत. इंटरनेटची गरज नाही, पेन ड्राइव्हवरून फोल्डर उतरवून मुख्य पानावर डबल-क्लिक केले की झाले, असे त्यांनी सांगितले होते. ते सध्या परगावी असल्याने त्यांना वारंवार त्रास देणे बरे वाटत नाही.

अडचण अशी की, वाचनकक्षातील विंडोज १० च्या संगणकांवर क्रोममध्ये पान उघडते, वाचनालयाचे बोधचिन्ह आणि शोधाची चौकटही दिसते, परंतु त्याखाली एकही पुस्तक येत नाही. दाखल क्रमांक टाकून शोधले तरी ‘नोंद आढळली नाही’ एवढेच उत्तर मिळते. मात्र ग्रंथपालांच्या टेबलावरील विंडोज ७ च्या संगणकात, जिथे फायरफॉक्स कित्येक वर्षांत अद्ययावत केलेला नाही, हाच फोल्डर विनातक्रार चालतो. नव्या संगणकांपैकी एकावर ताजा फायरफॉक्स टाकून पाहिला, तर तिथेही यादी रिकामीच.

फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘अनब्लॉक’वर खूण करावी, असे एकाने सुचवले, दुसऱ्याने क्रोममधील ‘सेफ ब्राउझिंग’ बंद करण्याचा सल्ला दिला. दोन्ही करून पाहिले, काही फरक पडला नाही. नेमकी कोणती सेटिंग बदलावी?

जाता जाता आणखी एक: आमच्याकडे जुनी शैक्षणिक सीडी आहे. ती विंडोज ७ वर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडली की स्क्रिप्ट किंवा ॲक्टिव्हएक्स (एक्सप्लोररमध्ये चालणारे पूरक प्रोग्राम) चालवण्यास मज्जाव केल्याची पट्टी येते. हा त्याच दुखण्याचा भाग आहे का?

प्रयोगशाळा_धरमपेठ

सर्वप्रथम ‘सेफ ब्राउझिंग’ पुन्हा सुरू करा. फसव्या संकेतस्थळांपासून आणि घातक डाउनलोडपासून सावध करणे हे त्याचे काम आहे. आपल्याच डिस्कवरील जेसन फाइल वाचू द्यावी की नाही, हा निर्णय ते घेत नाही. ‘अनब्लॉक’चेही तसेच आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज ‘झोन आयडेंटिफायर’ नावाची एक अदृश्य खूण जोडते आणि ‘अनब्लॉक’ केल्याने ती खूण पुसली जाते. ती खूण एनटीएफएस या फाइल-साठवणीच्या पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. पेन ड्राइव्ह बहुधा एफएटी३२ किंवा एक्सएफएटी पद्धतीचा असतो, त्यामुळे आपल्या फोल्डरवर ती खूण मुळात नसावीच.

आता निदान. क्रोममध्ये ते पान उघडे ठेवून एफ१२ दाबा आणि ‘कन्सोल’ या भागात जा. तेथे लाल अक्षरांत एक ओळ असेल, तीत जेसन फाइलचा पत्ता, ‘ओरिजिन नल’ (पानाचे ठिकाण ठरवता येत नाही, या अर्थी) आणि ‘कॉर्स’ (दुसऱ्या ठिकाणची माहिती वाचू देण्याचे नियम) हे शब्द असतील, किंवा ‘फाइल’ प्रकारच्या पत्त्याला आधार नाही असे काहीसे म्हटलेले असेल. यांपैकी काहीही दिसले, तर पुढे लिहितो तेच कारण आहे असे समजा.

एका ठिकाणाहून आलेल्या पानाने दुसऱ्या ठिकाणची माहिती परस्पर वाचू नये, हा नियम १९९५ साली नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीपासून ब्राउझरमध्ये आहे. ‘ठिकाण’ ओळखण्यासाठी पत्त्यातील तीन गोष्टी पाहिल्या जातात: प्रोटोकॉल (‘एचटीटीपी’ किंवा ‘फाइल’सारखा सुरुवातीचा शब्द), यजमानाचे म्हणजे माहिती पुरवणाऱ्या संगणकाचे नाव आणि पोर्ट (त्या संगणकावरील सेवेचा क्रमांक). आपण डबल-क्लिक करून पान उघडता तेव्हा पत्ता ‘फाइल’ या शब्दाने सुरू होतो आणि त्यात यजमानही नसतो, पोर्टही नसतो. अशा वेळी क्रोम प्रत्येक फाइल स्वतंत्र ठिकाणची आहे असे धरतो, म्हणून शेजारचीच जेसन फाइल त्याच्या लेखी परकी ठरते. छायाचित्रे, शैली आणि साध्या पद्धतीने जोडलेली स्क्रिप्ट यांना नुसते ‘दाखवायचे’ किंवा ‘चालवायचे’ असल्याने त्यांना ही आडकाठी होत नाही, आणि म्हणूनच आपले बोधचिन्ह दिसते पण नोंदी येत नाहीत.

जुना फायरफॉक्स का चालतो, याचेही उत्तर यातच आहे. फायरफॉक्स पूर्वी एकाच फोल्डरमधील फाइलींना एकाच ठिकाणच्या मानत असे. जुलै २०१९ मध्ये आलेल्या ६८ व्या आवृत्तीत ही सवलत काढून घेण्यात आली. त्यामागचे कारण क्षुल्लक नव्हते: कोणी पाठवलेली एचटीएमएल फाइल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये उतरली आणि आपण ती उघडली, तर तीतील स्क्रिप्ट त्याच फोल्डरमधील इतर कागदपत्रे वाचून बाहेर धाडू शकत होती, आणि अँड्रॉइडवरील एका लोकप्रिय संदेश ॲपच्या आधारे हे प्रत्यक्ष करूनही दाखवले गेले होते. तेव्हा ग्रंथपालांच्या संगणकावरील ‘विनातक्रार’ चालणे म्हणजे ते भगदाड अजून उघडे असणे होय. तो फायरफॉक्स इंटरनेटसाठी वापरू नये.

सेटिंग बदलण्याऐवजी पान सर्व्हरमार्फत, म्हणजे ब्राउझरला पाने पुरवणाऱ्या प्रोग्राममार्फत, उघडावे, हे माझे मत. संगणकावर पायथन ३ ही प्रोग्रामिंग भाषा असल्यास त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पाय -एम एचटीटीपी.सर्व्हर ८००० --बाइंड १२७.०.०.१’ ही आज्ञा, अर्थात रोमन अक्षरांत, द्यावी आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:८०००’ (लोकलहोस्ट म्हणजे हाच संगणक) हा पत्ता उघडावा. शेवटचा ‘बाइंड’ भाग गाळू नये. तो नसेल तर हा सर्व्हर जाळ्यातील इतर संगणकांनाही उत्तर देऊ लागतो आणि विंडोजची फायरवॉल परवानगी विचारते. समोरचा माणूस ती खिडकी न वाचता ‘होय’ म्हणतो, हा आमच्या प्रयोगशाळेतला नेहमीचा अनुभव.

इतवारीकर

एवढा खटाटोप कशाला, असे मला वाटते. क्रोमच्या शॉर्टकटवर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीजमधील ‘टार्गेट’ या चौकटीच्या शेवटी, एक जागा सोडून, दोन आडव्या रेघा आणि ‘अलाउ-फाइल-ॲक्सेस-फ्रॉम-फाइल्स’ एवढे लिहावे. आमच्या दुकानातील दरपत्रकाचे पान मी असेच चालवतो. अट एकच: त्याआधी क्रोमच्या सर्व खिडक्या बंद असाव्यात, कारण क्रोम आधीच चालू असेल तर नव्या शॉर्टकटमधील सूचना तो विचारात घेत नाही.

प्रयोगशाळा_धरमपेठ

इतवारीकर भाऊ, आपला उपाय चालतो हे खरे, आणि ज्या संगणकावर एकच माणूस एकच पान उघडतो तेथे मी त्याला फार विरोध करणार नाही. परंतु वाचनकक्षातील संगणकावर दिवसभर सभासद येऊन बसतात, ईमेल उघडतात, कोणी निकालाची, कोणी अर्जाची फाइल उतरवून घेतो. ही सवलत त्या एका ग्रंथसूचीपुरती राहत नाही. त्या क्रोममध्ये उघडलेल्या प्रत्येक स्थानिक पानाला डिस्कवरील फाइली वाचण्याची मुभा मिळते. एका कपाटाची किल्ली हरवली म्हणून वाचनालयाची सगळी कुलपे काढून ठेवावीत, तसा हा प्रकार होईल.

तरीही कोणाला तसे करणे भाग असेल, तर त्याच ओळीत ‘युजर-डेटा-डिर’ ही सूचना जोडून स्वतंत्र रिकामा फोल्डर द्यावा, म्हणजे ती मोकळीक वेगळ्या प्रोफाइलपुरती राहील आणि क्रोमच्या इतर खिडक्या बंद करण्याचीही गरज उरणार नाही. ‘डिसेबल-वेब-सिक्युरिटी’ या सूचनेचा मोह मात्र टाळावा. ती जालावरील सर्वच संकेतस्थळांसाठीचे कुंपण काढते आणि आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही.

ग्रंथसेवक_महाल

आपण म्हटल्याप्रमाणे कन्सोलमध्ये ‘ओरिजिन नल’ असलेली लाल ओळ दिसली. ‘सेफ ब्राउझिंग’ पुन्हा सुरू केले आहे. परंतु हे संगणक देणगीतून आलेले आहेत, त्यांवरील आमच्या खात्याला काहीही स्थापित करण्याची परवानगी नाही आणि ॲडमिनचा पासवर्ड देणगीदार संस्थेकडेच आहे. शिवाय वीज गेली की प्रत्येक वेळी सर्व्हर पुन्हा सुरू करणे आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना जमेलसे वाटत नाही. सर्व्हरशिवाय मार्ग आहे का?

प्रयोगशाळा_धरमपेठ

आहे, आणि आपल्या परिस्थितीत तोच अधिक योग्य आहे. जेसन फाइल ‘वाचण्यास’ मनाई आहे, पण साधी स्क्रिप्ट ‘चालवण्यास’ नाही. तेव्हा नोंदींनाच स्क्रिप्टचे रूप द्यावे.

जेसन फाइलची एक प्रत नोटपॅडमध्ये उघडा. ती उघड्या चौकोनी कंसाने सुरू होत असेल. त्या कंसाच्या अगदी आधी ‘व्हार नोंदी =’ या अर्थाचे, म्हणजे ‘व्हार’ हा जावास्क्रिप्टचा शब्द, आपल्या पसंतीचे एक नाव आणि बरोबरचे चिन्ह, असे रोमन अक्षरांत लिहा आणि अगदी शेवटी बंद कंसानंतर अर्धविराम द्या. मग ‘सेव्ह ॲज’ करताना नावाचा शेवट ‘.जेएस’ असा करा आणि ‘सेव्ह ॲज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा. नाही तर नोटपॅड गुपचूप ‘.टीएक्सटी’ जोडतो, विंडोज ते शेपूट लपवून ठेवतो, आणि सर्व काही बरोबर दिसूनही फाइल सापडत नाही.

त्याच खिडकीतील ‘एन्कोडिंग’ (अक्षरे साठवण्याची पद्धत) हेही पाहून घ्या. हे काम विंडोज ७ च्या संगणकावर केले तर तेथे मुळात ‘एएनएसआय’ निवडलेले असू शकते, आणि तसेच जतन केल्यास देवनागरीतील सर्व शीर्षके प्रश्नचिन्हांत बदलतात आणि त्या फाइलमधून परत मिळत नाहीत. ‘यूटीएफ-८’ निवडावे. मुख्य पानाच्या शीर्षभागातही यूटीएफ-८ ची नोंद आहे याची खात्री करावी.

यानंतर मुख्य पानात, जुनी स्क्रिप्ट जोडणाऱ्या ओळीच्या वर, नव्या फाइलसाठी तशीच एक ओळ घाला. क्रम महत्त्वाचा आहे: आधी नोंदी, मग त्यांचा वापर करणारी स्क्रिप्ट. त्या ओळीत ‘टाइप’ म्हणून ‘मोड्यूल’ लिहिलेले नसावे, कारण मोड्यूल पद्धतीची स्क्रिप्ट ‘फाइल’ पत्त्यावरून उघडलेल्या पानात त्याच ‘कॉर्स’च्या नियमाने अडते. उरतो तो जुन्या स्क्रिप्टमधील जेसन आणण्याचा भाग. तो काढून तेथे आपण दिलेले नाव वापरावे लागेल. तो तुकडा येथे चिकटवलात तर मी बदल सांगतो. सभासदांची नावे किंवा दूरध्वनी क्रमांक असलेली फाइल मात्र चिकटवू नका.

नवी पुस्तके दाखल झाली की यापुढे या ‘.जेएस’ फाइलमध्येच नोंद वाढवायची. एखादा स्वल्पविराम राहिला तर संपूर्ण यादी पुन्हा रिकामी होईल. अशा वेळी कन्सोलमध्ये नेमका ओळ क्रमांक दिसतो, तेथे जाऊन पाहावे.

सीडीवाले_सक्करदरा

सीडीचा प्रश्न बाजूला राहिला, म्हणून लिहितो. ते वेगळे दुखणे आहे. २००४ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून इंटरनेट एक्सप्लोरर स्थानिक पानांतील स्क्रिप्ट आणि ॲक्टिव्हएक्स आपणहून अडवू लागला. पट्टीवरील परवानगीचा पर्याय निवडला की त्या वेळेपुरते चालते. कायमची सोय हवी असल्यास ‘इंटरनेट ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ या भागात ‘सिक्युरिटी’ या मथळ्याखाली दोन स्वतंत्र चौकटी आहेत, एक सीडीवरील सक्रिय मजकुरासाठी आणि दुसरी ‘माय कॉम्प्युटर’वरील फाइलींसाठी. आपल्याला फक्त सीडीची हवी आहे. दुसरीला हात लावू नये.

हे अर्थात त्या जुन्या संगणकापुरते. विंडोज १० वरील इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार १५ जून २०२२ रोजी संपला आहे. तेथे एज ब्राउझरच्या ‘आयई मोड’मध्ये (इंटरनेट एक्सप्लोररच्या पद्धतीने पान दाखवण्याच्या सोयीत) उघडून पाहता येईल.

ग्रंथसेवक_महाल

सीडीची चौकट निवडली, सीडी चालू झाली. ‘.जेएस’ फाइलचा उपायही एका संगणकावर करून पाहिला, यादी दिसते आणि शोधही लागतो. स्क्रिप्टमधील बदल माजी सभासदांनी दूरध्वनीवर सांगितला, त्यामुळे तुकडा येथे टाकण्याची गरज उरली नाही. आता एक शंका: सूचीत ‘हवी असलेली पुस्तके’ अशी सोय आहे आणि ती यादी ब्राउझरमध्येच साठते. पुढे ॲडमिनची परवानगी मिळाल्यावर एकाच संगणकावर सर्व्हर ठेवून बाकीच्यांना त्यावरून सूची दाखवायचे ठरवले, तर या याद्या राहतील का? सभासदांच्या ओळखपत्रावरील क्यूआर कोड कॅमेऱ्याने वाचण्याचाही विचार आहे.

प्रयोगशाळा_धरमपेठ

राहणार नाहीत. ब्राउझर अशी माहिती ठिकाणानुसार साठवतो, आणि पत्ता ‘फाइल’चा जाऊन ‘एचटीटीपी’चा झाला की ठिकाण बदलते. पोर्ट ८००० चा ८०८० केला तरीही तेच होते. जुन्या याद्या पुसल्या जात नाहीत, पण नव्या पत्त्यावरील पानाला त्या दिसत नाहीत. म्हणून बदल करण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावरील यादी छापून घ्या.

कॅमेऱ्याचे मात्र आधीच ठरवून ठेवा. ‘लोकलहोस्ट’ला ब्राउझर सुरक्षित मानतो, त्यामुळे ज्या संगणकावर सर्व्हर आहे त्यावर कॅमेरा चालेल, पण इतर संगणकांवरून ‘१९२.१६८’ने सुरू होणारा, म्हणजे वाचनालयाच्या जाळ्यातील सर्व्हरचा पत्ता साध्या एचटीटीपीने उघडला, तर क्रोम पानाला कॅमेरा देणारच नाही. त्यासाठी एचटीटीपीएस (एचटीटीपीचा सुरक्षित प्रकार) आणि त्याला लागणाऱ्या प्रमाणपत्राची व्यवस्था करावी लागेल. यूएसबीवर चालणारा कोड-वाचक घेतल्यास तो कळफलकाप्रमाणे थेट शोधाच्या चौकटीत आकडे टाकतो आणि त्याला ब्राउझरची कोणतीच परवानगी लागत नाही. फक्त तो क्यूआर वाचणारा आहे ना, हे विचारून घ्या, कारण स्वस्त वाचक बहुधा उभ्या रेघांचा बारकोडच वाचतात.