बंद लायब्ररी ॲपमध्ये घेताना रॅपर हवाच का?

बाणेरची अँड्रॉइडवाली:
आमचं ॲप चाकणच्या गोदामांत चालतं. बारकोड वाचायचं काम विकत घेतलेल्या बंद लायब्ररीकडे, म्हणजे सोर्स कोड न देता विकलेल्या तयार कोडकडे. अँड्रॉइड १५ आणि पुढच्या आवृत्त्यांसाठीच्या ॲपना १६ केबी पेज साइज (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचा आकार) चाललीच पाहिजे, हा प्ले स्टोअरचा नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून आला आणि लायब्ररीतल्या .एसओ फाइल (आधीच बिल्ड केलेला मशीन कोड) ४ केबी पेजसाठीच्या निघाल्या. सोर्स हातात असता तर एनडीके आर२८ (असा कोड बिल्ड करायचं अँड्रॉइडचं साधन) वापरून पुन्हा बिल्ड केलं असतं, विषय संपला असता. पण पुरवठादार कंपनी दरम्यान विकली गेलेली. नवी आवृत्ती हवी तर लायसन्स नव्यानं घ्या म्हणाले. दुसरी लायब्ररी आणावी, तर जुनीचे क्लास (तिच्या कोडचे भाग) आमच्या ४१ फाइलमध्ये थेट वापरलेले. तीन आठवडे त्यातच गेले. माझं मत पक्कं झालंय: स्वतःचा रॅपर, म्हणजे ॲप आणि लायब्ररी यांच्यामधला आपला पातळ कोड, लिहिल्याशिवाय बंद लायब्ररी घेऊच नये.

हिंजवडी फेज २:
असहमत. रॅपरनं .एसओ दुरुस्त झाली असती का? आम्ही चौघंच, आणि सहा वर्षांत एकही लायब्ररी बदललेली नाही. शिवाय दोन लायब्ररींना चालेल असा रॅपर केला, की ज्या खास सोयीसाठी पैसे मोजले तीच वापरता येत नाही. तुमचं चुकलं ते करारात. स्टोअरचा नियम बदलला तर मुदतीआधी नवं बिल्ड द्यायचं आणि कंपनी विकली गेली तरी नव्या मालकावर ते बंधन राहील, असं कलम घालून घ्या.

बाणेरची अँड्रॉइडवाली:
.एसओचं मान्य. पण रॅपर असता तर ४१ ऐवजी एका फाइलमध्ये हात घालावा लागला असता. आणि कलम असूनही पुरवठादार हललाच नाही तर? वकिलांची पत्रं जाईपर्यंत अपडेट अडकलेलं, आणि जुना बग गोदामातल्या माणसानं रोज सोसायचा.

खराडीकर:
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटतेय. ६ मे २०२० ला आयफोनवर स्पॉटिफाय, पिंटरेस्ट, टिंडर उघडताच बंद पडत होती. त्यांनी ॲपमध्ये काहीच बदललं नव्हतं. या ॲपमध्ये फेसबुकचं एसडीके (फेसबुकनं दिलेली लायब्ररी) होतं, आणि फेसबुकच्या सर्व्हरवरून त्याला चुकीच्या स्वरूपाचा डेटा गेला. १० जुलैला पुन्हा तसंच. एसडीके ॲप उघडताना आपोआप सुरू होत असे, म्हणजे रॅपरला हाक मारायच्या आधीच खेळ आटोपलेला. म्हणून लायब्ररी निवडताना माझा पहिला प्रश्न: ही आपोआप सुरू होणं बंद करता येतं का? नसेल तर घेत नाही. आणि लायब्ररीची .एएआर फाइल (अँड्रॉइड लायब्ररी याच रूपात येते) आपल्या खासगी मेव्हनमध्ये, म्हणजे टीमच्या लायब्ररी-साठ्यात, चेकसमसकट (फाइल बदललेली नाही हे तपासायच्या आकड्यासकट) ठेवा. आमच्याकडे ती एकाच्या लॅपटॉपवर होती. तो नोकरी सोडून गेल्यावर कळलं.

हिंजवडी फेज २:
आपोआप सुरू होण्याचा मुद्दा पटला, आमच्या यादीत घालतो. स्कॅनरला रॅपरही चालेल, तिथं कॅमेरा आत आणि आकडा बाहेर, एवढंच आहे. पण नकाशाला नाही. मार्कर, रेषा, झूम, स्पर्श, सगळं गुंडाळायचं म्हणजे दुसरी नकाशा लायब्ररीच लिहायची, आणि ती सांभाळायला आमच्याकडे पाचवा माणूस नाही.