भुशाच्या बोर्डाचं कपाट: तळ फुगलाय, व्हेनिअर सुटलंय, काय करावं?

फुगलेलं_कपाट
दोन दारांचं बुटकं कपाट आहे. आत १८ मिमीचा पार्टिकल बोर्ड, वर खरं लाकडी व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. फरशीवरचं पाणी लागून उजवीकडच्या उभ्या फळीचा खालचा ४ सेंमी भाग फुगलाय, तिथे जाडी २२ मिमी भरते. बाहेरचं व्हेनिअर तेवढ्या पट्ट्यात सुटून लाटेसारखं वर आलंय आणि पुढचा कोपरा बोटानं चोळला तरी भुसा गळतो. शिवाय त्याच बाजूच्या दाराच्या वरच्या बिजागरीचे स्क्रू नुसते फिरतात. फुगवटा घासून सपाट करावा, मग व्हेनिअर चिकटवावं असा विचार आहे. जमेल का?

रंधा_पटाशी
घासायचं डोक्यातून काढा. कारखान्यात लावलेलं व्हेनिअर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं, पॉलिश पेपरचे चार हात जास्त पडले की खालचा भुसा दिसतो. खालचा बोर्ड घासून १८ वर आणलात तरी उरेल तो ठिसूळच.

हा बोर्ड म्हणजे गोंद लावून गरम प्रेसमध्ये दाबलेले लाकडाचे कण. पाणी शिरलं की कण फुगतात, दाब सुटतो आणि त्यांना धरणारा गोंद तुटतो. वाळल्यावर पाणी जातं, पण तुटलेली पकड परत येत नाही. फुगवटा एखाद-दीड मिलिमीटर आणि टोकदार खिळा सहज न घुसण्याइतका बोर्ड टणक असेल, तर गोंद पाजून दाबून भागतं. तुमचा ४ मिमी आहे आणि भुसा गळतोय, तेवढा भाग काढावाच लागेल.

आधी वाळवा. कपाट रिकामं करून पाठीवर आडवं ठेवा, खालच्या काठाला पंख्याची हवा लागू द्या. आठ-दहा दिवस तरी लागतील. सलग दोन-तीन दिवस जाडी तेवढीच भरली की वाळलं समजा. हीट गन नको, बाहेरून तडकतं आणि आत ओल राहते.

मग बाहेरचं व्हेनिअर वाचवून आतल्या बाजूनं काम करा. काप ५ सेंमीवर घ्या, म्हणजे १ सेंमी चांगल्या बोर्डात जाईल. कापाच्या रेषेपर्यंत व्हेनिअर पातळ सुरीनं हळूच सोडवून घ्या आणि त्यामागे पातळ पत्रा सरकवा, म्हणजे करवत त्याला लागणार नाही. शेवटचा कोपरा पटाशीनं. त्या जागी १८ मिमी प्लायची ५ सेंमी रुंद पट्टी बसवा. कापलेल्या काठावर दर १५ सेंमीवर ८ मिमीची लाकडी खुंटी, दोन्हीकडे २५ मिमी खोल, भोक अगदी जाडीच्या मध्यावर. बोर्डाचा कापलेला काठ गोंद पिऊन टाकतो. म्हणून पहिला हात लावा, पाचेक मिनिटं मुरू द्या, दुसरा हात देऊन मगच जोडा. नाहीतर सांधा कोरडा राहतो आणि पहिल्याच सरकवण्यात उघडतो.

तळाची आडवी फळी याच ५ सेंमीत जोडलेली असेल तर आधी तिचे स्क्रू काढा.

फुगलेलं_कपाट
समजलं. व्हेनिअरवर नुसती इस्त्री फिरवली तर ते परत चिकटेल का? बऱ्याच ठिकाणी तसं वाचलं.

गोंदपुराण
कशानं चिकटवलंय त्यावर आहे. काठाच्या पट्टीला बहुधा गरम केल्यावर वितळणारा गोंद असतो, तिला इस्त्री चालते. मोठ्या पृष्ठभागावर कारखान्यात बरेचदा युरिया फॉर्मल्डिहाइड वापरतात. तो एकदा पक्का झाला की उष्णतेनं वितळत नाही, त्यामुळे नुसत्या इस्त्रीनं काही होणार नाही.

नवा गोंद घालावाच लागेल. आधी मागचा जुना गोंद आणि चिकटलेला भुसा बोथट पात्यानं खरवडा, एक कण राहिला तरी वर पुळी दिसते. नवी पट्टी बोर्डाशी अगदी सपाट आहे ना, स्केल आडवी धरून बघा. मग पांढरा लाकडी गोंद फक्त पट्टीवर पातळ पसरवा आणि लगेच दाबा. वेळ लावलात तर ओलाव्यानं व्हेनिअर वळतं. वर बेकिंग पेपर, त्यावर सरळ फळी, दर १०-१२ सेंमीवर क्लॅम्प, रात्रभर. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं तेव्हाच पुसा, वाळला तर तिथे रंग धरत नाही आणि फिकट डाग राहतो.

पट्ट्याच्या वर कुठे हवेचा फुगा असेल तर लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच बारीक चीर द्या, सिरिंजनं गोंद सोडा आणि दाबा. आडवी चीर कायम दिसते.

कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह इथे नको. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, आणि पातळ व्हेनिअर पुढे त्यावर सुरकुततं.

बिजागरीवाला
बिजागरीचं कोणी बोललंच नाही! बोर्डाचा पृष्ठभाग घट्ट, मधला थर सैल. भोकातले आटे एकदा तुटले की लांब स्क्रूही त्याच सैल भागात फिरतो. काडेपेटीच्या काड्या कोंबून चार दिवस निघतात, बस्स.

स्क्रूच्या जागी ८ मिमीचं भोक, १२-१३ मिमी खोल. ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून खूण करा, नाहीतर पलीकडून बाहेर येईल. आत गोंद लावून कठीण लाकडाची खुंटी ठोका, दुसऱ्या दिवशी सपाट कापा, २.५ मिमीचं भोक पाडून ३.५ × १६ मिमीचा स्क्रू हातानं आवळा. बॅटरीचं मशीन वापरलंत तर तेही भोक बिघडेल. आजूबाजूचा भुसाच मोकळा झाला असेल तर तेवढा चौकोन कोरून प्लायचा तुकडा बसवा, तो खुंटीपेक्षा चांगला धरतो, कारण खुंटीत स्क्रू रेषांच्या दिशेनं जातो.

रंधा_पटाशी
बरोबर. दार मात्र खालचं काम पूर्ण झाल्यावरच लावा, नाहीतर रेषेत आणायचं दोनदा करावं लागेल.

आणि नवी पट्टी जागेवर बसली की तिच्या खालच्या काठाला पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन हात द्या. दुसऱ्या बाजूच्या फळीचा काठही उघडाच असणार, त्यालाही द्या. चारही कोपऱ्यांना ५ ते १० मिमीचे प्लास्टिकचे पाय लावा, फेल्टचे नकोत, ते पाणी धरून ठेवतात.